नाक दाबलं की तोंड उघडतं? अमेरिकेतलं शटडाऊन कोण करतं आणि कशासाठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये मामीचा फोन आला, आवाज घाबरलेला. तिची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, मेरीलँडला असते आणि तिचा नवरा तिथल्या एका सरकारी खात्यात काँट्रॅक्टवर काम करतो. मामीनं बातम्यांत ऐकलं की अमेरिकेचं सरकार बंद पडलं. "अगं, सरकार बंद पडलं म्हणजे झालं काय नक्की? पैसे संपले का त्यांचे? जावईबापूंना घरी बसवलंय." मी फोनवर जमेल तसं सांगितलं पण नीट काही जमलं नाही, कारण खरं उत्तर पैशांचं नाहीचये, राजकारणाचं आहे, आणि ते सांगायला जरा बैठक मारावी लागते. म्हणून हे लिहितेय.

तर पहिली गोष्ट, पैसे संपलेले नसतात. कर येत असतो, कर्ज मिळत असतं, तिजोरी रिकामी झालेली नसते. संपलेली असते ती खर्च करायची परवानगी. त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की काँग्रेसनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, मग राष्ट्राध्यक्ष कुणी का असेना. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आपलं १ एप्रिलला होतं तसं, आणि त्याआधी काँग्रेसनं खर्चाची १२ विधेयकं मंजूर करायची असतात, संरक्षण, शेती, वाहतूक अशी विषयवार. आता बघा, १९७० च्या दशकात आत्ताची पद्धत सुरू झाल्यापासून ही सगळीच्या सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाली अशी वर्षं फक्त चार, आणि त्यातलं शेवटचं १९९६ साली. बाकी वर्षी काय करतात, तर "सध्या मागच्या वर्षीच्याच हिशोबानं चालू ठेवा, पुढचं पुढे बघू" असा एक तात्पुरता कायदा करतात, कंटिन्युइंग रिझोल्यूशन म्हणतात त्याला, आपल्याकडे निवडणुकीच्या वर्षी लेखानुदान करतात साधारण त्या जातीचं. ही तात्पुरती परवानगीसुद्धा वेळेत नाही मिळाली की शटडाऊन.

दुसरं म्हणजे सगळं काही बंद होत नाही. म्हाताऱ्या लोकांची सोशल सिक्युरिटीची पेन्शन चालू राहते, मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, चालू राहतं, कारण त्या योजनांचा खर्च कायमच्या कायद्यात बसवलेला आहे, त्याला दर वर्षी मंजुरी लागत नाही. टपाल खातं चालू राहतं कारण ते स्वतःच्या कमाईवर चालतं. उरलेल्यातही दोन भाग पडतात. ज्यांच्या कामावर लोकांचा जीव किंवा मालमत्ता अवलंबून आहे, म्हणजे विमानांना रस्ता दाखवणारे कंट्रोलर, एअरपोर्टवर बॅगा तपासणारे, तुरुंगातले पहारेकरी, त्यांना कामावर यायचंच असतं पण पगार नाही. बाकीच्यांना घरी बसायचं, सक्तीची रजा, पगार नाहीच. २०२५ मध्ये असे साधारण १४ लाख कर्मचारी होते, ढोबळमानानं निम्मे घरी आणि निम्मे बिनपगारी कामावर.

आणि हे असं शटडाऊन काही त्या देशाच्या जन्मापासून नाहीये, हे मला स्वतःला वाचून फार आश्चर्य वाटलं होतं. १९८० च्या आधीसुद्धा मंजुरी वेळेत न मिळण्याचे प्रकार व्हायचे, १९७७ मध्ये गर्भपाताच्या सरकारी खर्चावरून भांडण होऊन तर लागोपाठ झाले, पण ऑफिसं उघडी असायची, लोक कामावर यायचे, "आज ना उद्या मंजुरी येणारच" असं धरून सगळं चालायचं. मग १९८० मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांना विचारलं गेलं की कायदा नक्की काय म्हणतो. एकोणिसाव्या शतकातला एक जुना कायदा आहे, मंजुरी नसताना सरकारी अधिकाऱ्यानं खर्च करू नये असं सांगणारा. सिव्हिलेटींनी तो वाचून मत दिलं की मंजुरी नाही म्हणजे काम थांबवलंच पाहिजे, आणि १९८१ च्या सुरुवातीला त्यात भर घातली की जीव आणि मालमत्ता वाचवणारं काम तेवढं चालू ठेवता येईल. बस्स, या दोन सल्ल्यांवर आजचं सगळं शटडाऊन उभं आहे. त्यांचा हेतू चांगला होता, काँग्रेसला शिस्त लागावी, वेळेत काम व्हावं. पुढे कितीतरी वर्षांनी ते म्हणाले होते की ही गोष्ट इतकी लांबवली जाईल आणि राजकीय डाव म्हणून वापरली जाईल असं आपल्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आपल्याकडे असं का होत नाही हे मामीनं विचारलंच. कारण आपल्याकडे खर्चाची चावी आणि सरकारची खुर्ची एकाच खिळ्याला टांगलेली आहे. लोकसभेत ज्याचं बहुमत त्याचंच सरकार, आणि अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच जातं. राज्यसभा अर्थविषयक विधेयक १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, एप्रिल महिना, अर्थसंकल्प अजून पूर्ण मंजूर व्हायचा होता, आणि तरीही सगळ्या पक्षांनी मिळून तो चर्चेशिवाय मंजूर करून टाकला कारण कारभार थांबणं कुणालाच परवडणारं नव्हतं. अमेरिकेत तसं नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून आलेला, तो अर्थसंकल्पावरून पडत नाही. हाऊस, म्हणजे काँग्रेसचं खालचं सभागृह, वेगळं निवडून येतं, सिनेट, म्हणजे वरचं, वेगळं, आणि तिघांनीही हो म्हटल्याशिवाय पैसा हलत नाही. त्यात सिनेटमध्ये फिलिबस्टर नावाची प्रथा आहे, जिच्यामुळे १०० पैकी साध्या ५१ मतांनी भागत नाही, बहुतेक विधेयकं पुढे न्यायला ६० लागतात. म्हणजे अल्पमतात असलेल्या पक्षाच्या हातातसुद्धा एक दोरी राहतेच. भांडण अडकलं तर सरकार पडत नाही, निवडणूक लागत नाही, कोंडी फुटायला वाटच नाही, फक्त कर्मचारी घरी जातात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आपण म्हणतो ना, नाक दाबलं की तोंड उघडतं. शटडाऊनमागचा हिशोब तोच आहे. एखाद्या पक्षाला एखादी गोष्ट सरळ मतदानानं मिळत नाही, संख्याबळ नाही, किंवा समोरचा राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरणार हे माहीत आहे, मग तो पक्ष ती मागणी अशा विधेयकाला बांधतो जे मंजूर झाल्याशिवाय कारभारच चालणार नाही. माझी मागणी मान्य करा नाहीतर सगळंच अडेल. फरक एवढाच की म्हणीत ज्याचं नाक दाबतो त्याचंच तोंड उघडतं. इथे नाक दाबलं जातं जावईबापूंचं आणि तोंड उघडायचं असतं दुसऱ्याच कुणीतरी, ज्याचा स्वतःचा पगार एक दिवसही थांबत नाही, कारण खासदार आणि राष्ट्राध्यक्षांचा पगार चालूच राहतो. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

१९९५ चं उदाहरण बघा, आधुनिक शटडाऊनची सगळी रीत तिथे ठरली. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला ४० वर्षांनी हाऊसमध्ये बहुमत मिळालं होतं, स्पीकर न्यूट गिंग्रिच, आणि त्यांना वाटत होतं की जनतेनं आपल्याला सरकार लहान करायचा कौल दिलाय. समोर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन, त्यांच्या पक्षानं नुकताच निवडणुकीत मार खाल्लेला, म्हणून हे दबतील असा अंदाज. रिपब्लिकनांची मागणी सात वर्षांत तूट शून्यावर आणायची, आणि त्यांच्या तात्पुरत्या विधेयकात मेडिकेअरचा हप्ता वाढवायचं कलम. क्लिंटननी ते परत पाठवलं, १४ नोव्हेंबरला सरकार बंद, पाच दिवसांनी उघडलं, मग १६ डिसेंबरला पुन्हा बंद ते थेट ६ जानेवारी १९९६ पर्यंत, २१ दिवस. मधल्या काळात गिंग्रिच पत्रकारांसमोर बोलून गेले की इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून येताना आपल्याला राष्ट्राध्यक्षांच्या विमानात मागे बसवलं, कुणी बोललंही नाही, त्याचाही राग त्या कडक विधेयकात होता. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका पेपरनं पहिल्या पानावर त्यांना लंगोट घातलेलं रडकं बाळ दाखवलं. इतक्या मोठ्या भांडणाचं चित्र लोकांच्या डोक्यात त्या एका पानानं पक्कं झालं. सर्व्हेमध्ये लोक रिपब्लिकनांना दोष देत होते, क्लिंटन "म्हाताऱ्यांचं मेडिकेअर वाचवणारा माणूस" झाले आणि १९९६ मध्ये आरामात परत निवडून आले, आणि तेही कुणाला हरवून, तर सिनेटमधले रिपब्लिकन नेते बॉब डोल यांना, ज्यांना हे शटडाऊन लांबवायचंच नव्हतं.

यातून राजकारण्यांनी काय शिकायचं? वाटेल की परत कुणी या भानगडीत पडणार नाही. पण १७ वर्षांनी परत तेच झालं, आणि ते का झालं हे समजून घेण्यासारखं आहे.

२०१३ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष, सिनेट डेमोक्रॅटांकडे, फक्त हाऊस रिपब्लिकनांकडे. त्यांच्यातल्या कट्टर गटाची मागणी, ओबामाकेअरचे पैसे बंद करा. ज्या माणसाच्या नावानं तो आरोग्य कायदा ओळखला जातो तोच त्याच्या बंदीवर सही करणार, हे होणं शक्यच नव्हतं. शिवाय त्या कायद्याचा बराचसा खर्च आधीच कायमच्या कायद्यात होता, त्यामुळे सरकार बंद करूनही ओबामाकेअर काही बंद पडलं नाही, उलट १ ऑक्टोबरला सरकार बंद झालं त्याच दिवशी त्याची विम्याची वेबसाइट सुरू झाली. मग केलं कशाला? इथे कळीची गोष्ट येते, प्रेक्षक वेगळा होता. सिनेटर टेड क्रूझ निवडून येऊन वर्षही झालं नव्हतं, ते सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये २१ तास उभं राहून बोलले, मतदान त्यानं काही बदललं नाही, पण पक्षाच्या कट्टर मतदाराला त्यांचं नाव कायमचं पाठ झालं, आणि २०१६ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत बरेच पुढे पोचले.

हे समजायला तिथली प्रायमरी समजून घ्यावी लागते. तिथे पक्षाचं तिकीट वरचे नेते देत नाहीत, पक्षाचे मतदार मत देऊन ठरवतात, आणि या प्रायमरीला येतो कोण, तर जास्त करून कट्टर मतदार. बहुतेक मतदारसंघ असे आहेत की तिथे एकाच पक्षाचा माणूस येणार हे ठरलेलं. म्हणजे खासदाराला भीती समोरच्या पक्षाची नसते, स्वतःच्याच पक्षातून आपल्याहून कडक कुणी उभा राहील याची असते. अशा माणसाला "मी शेवटपर्यंत लढलो" हे दाखवणं हाच विजय, मागणी मान्य झाली की नाही हे नंतरचं. देशभराच्या सर्व्हेमध्ये पक्षाची बदनामी झाली तरी त्याच्या मतदारसंघात त्याचा सत्कारच होतो.

आणि स्पीकरची अडचण वेगळीच. २०१३ मध्ये जॉन बेनर स्पीकर होते, त्यांना स्वतःला हे शटडाऊन नको होतं असं सगळेच सांगतात. ते एका दिवसात संपवू शकले असते, काही रिपब्लिकन आणि सगळे डेमोक्रॅट मिळून बहुमत होतंच. पण तसं केलं की स्वतःच्याच पक्षाचे लोक खुर्ची ओढणार. म्हणून १६ दिवस थांबले, सरकारनं कर्ज घ्यायची कायद्यातली मर्यादा अंगाशी आली तेव्हा नाइलाजानं तेच केलं जे पहिल्या दिवशी करता आलं असतं. ही भीती खोटी नव्हती. २०२३ च्या ३० सप्टेंबरला स्पीकर केव्हिन मॅकार्थी यांनी डेमोक्रॅटांची मतं घेऊन शटडाऊन टाळलं, आणि ३ ऑक्टोबरला त्यांच्याच पक्षातल्या आठ जणांनी डेमोक्रॅटांच्या साथीनं त्यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी खाली खेचलं, अमेरिकेच्या इतिहासात असा मतदानानं घालवलेला तो पहिला स्पीकर. सरकार चालू ठेवलं म्हणून नोकरी गेली. मग पुढचा स्पीकर कशाला शहाणपणा करेल सांगा.

आणि शिक्षा? २०१३ मध्ये रिपब्लिकन पक्षाची लोकप्रियता घसरली खरी, पण २०१४ च्या निवडणुकीत त्यांनी सिनेटही जिंकलं. मतदार वर्षभरात विसरला, ओबामाकेअरच्या वेबसाइटचा घोळ मात्र लक्षात राहिला. हा धडा दोन्ही पक्षांनी नीट गिरवलाय, की शटडाऊनचा फटका बसतो पण तो टिकत नाही.

२०१८ च्या डिसेंबरमधलं प्रकरण तर आणखी वेगळं, कारण तेव्हा राष्ट्राध्यक्ष, हाऊस, सिनेट तिन्ही रिपब्लिकनांकडेच होतं. डोनाल्ड ट्रम्पना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. ११ डिसेंबरला टीव्ही कॅमेऱ्यासमोर ते सिनेटमधले डेमोक्रॅट नेते चक शूमर आणि हाऊसमधल्या डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसींना म्हणाले की सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद करायला मला अभिमान वाटेल आणि मी त्याचं खापर तुमच्यावर फोडणार नाही. नंतर थोडं नरमले, सिनेटनं भिंतीशिवायचं तात्पुरतं विधेयक कुणाच्याही विरोधाशिवाय मंजूर केलं, सगळे ख्रिसमसला घरी निघाले, आणि तेवढ्यात रेडिओ-टीव्हीवरच्या उजव्या निवेदकांनी ट्रम्पवर झोड उठवली की शब्द फिरवला, आणि ते परत फिरले. ३ जानेवारीपासून हाऊस डेमोक्रॅटांकडे जाणार होतं, म्हणजे भिंतीसाठी ही शेवटची संधी होती, आणि मुख्य म्हणजे आपल्या मतदाराला "मी प्रयत्न सोडला नाही" हे दाखवायचं होतं. ३५ दिवस चाललं. शेवटी २५ जानेवारी २०१९ ला काही मोजके एअर ट्रॅफिक कंट्रोलर कामावर आले नाहीत, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया एअरपोर्टवर येणारी विमानं अडली, आणि त्याच दिवशी सरकार उघडलं. पाच आठवडे आठ लाख लोकांचे पगार थांबलेले चालले, पण विमानं थांबलेली अर्धा दिवस नाही चालली. भिंतीसाठी पुढे काँग्रेसनं १.३७५ अब्ज दिले, उरलेल्यासाठी ट्रम्पनी आणीबाणी जाहीर केली, जी ते शटडाऊन न करताही करू शकले असते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, बंद काय करायचं आणि उघडं काय ठेवायचं हे ठरवण्यातसुद्धा राजकारण असतं. ते ठरवणार राष्ट्राध्यक्षांची माणसं. ज्याला वाटतं खापर समोरच्यावर फुटेल तो लोकांना त्रास दिसेल असं बघतो, आणि ज्याला वाटतं आपल्यावर फुटेल तो त्रास झाकतो. २०१३ मध्ये ओबामांच्या सरकारनं राष्ट्रीय उद्यानं आणि स्मारकं बंद केली, वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाला अडथळे लावले, आणि युद्धात लढलेले म्हातारे सैनिक ते सरकवून आत गेले ते देशानं टीव्हीवर पाहिलं. २०१८-१९ मध्ये ट्रम्प सरकारनं तीच उद्यानं उघडी ठेवली, पण कर्मचाऱ्यांशिवाय, मग कचऱ्याचे ढीग आणि तुंबलेली स्वच्छतागृहं. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात नासधूस झाली.

आणि मग आपल्या मामीला घाबरवणारं २०२५ चं. यावेळी बाजू उलटल्या, अडवणारे डेमोक्रॅट होते. तिन्ही ठिकाणी सत्ता रिपब्लिकनांची, पण सिनेटमध्ये त्यांचे ५३, आणि लागतात ६०. डेमोक्रॅटांची जाहीर मागणी आरोग्य विम्याची, कोविडच्या काळात वाढवलेलं अनुदान २०२५ च्या शेवटी संपणार होतं, ओबामाकेअरच्या विमा बाजारातून विमा घेणाऱ्या साधारण २ कोटी ४० लाखांपैकी २ कोटी २० लाख लोकांना ते मिळत होतं, ते संपलं तर त्यांचा हप्ता सरासरी दुपटीच्याही वर जाणार असा अंदाज होता. मागणी खरी होती, लोकांच्या पोटापाण्याची होती, हे मी मनापासून म्हणते. पण फक्त तेवढंच कारण होतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मार्चमध्ये अशीच वेळ आली होती तेव्हा शूमरनी शटडाऊन टाळायला रिपब्लिकनांचं विधेयक पुढे जाऊ दिलं होतं आणि त्यांच्याच पक्षाचे मतदार त्यांच्यावर तुटून पडले होते, राजीनामा द्या म्हणून. दुसऱ्यांदा तसं करणं त्यांना शक्यच नव्हतं. आणखी एक कारण विश्वासाचं, काँग्रेसनं मंजूर केलेले परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर ट्रम्प सरकारनं ऑगस्टमध्ये रद्द करायला घेतले होते, ते वर्षअखेरीच्या तोंडावर, म्हणजे काँग्रेसला काही करायला वेळच राहू नये. मग डेमोक्रॅट म्हणत होते की आज तडजोड करू, पण उद्या तुम्ही पाळणार कशावरून?

रिपब्लिकनांचाही हिशोब होताच. व्हाइट हाऊसचे बजेट प्रमुख रसेल व्होट यांना नोकरशाही कमी करायचीच होती, त्यांना यात संधी दिसली. पहिल्याच दिवशी न्यूयॉर्क भागातल्या मोठ्या प्रकल्पांचे साधारण १८ अब्ज डॉलर रोखून धरले, त्यात न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधला हडसन नदीखालचा नवा, बांधकाम चालू असलेला रेल्वे बोगदासुद्धा, त्याच मार्गानं एडिसन-प्रिन्स्टन बाजूची आपली कितीतरी मराठी मंडळी रोज कामाला जातात. शूमर आणि हाऊसमधले डेमोक्रॅट नेते हकीम जेफ्रीज दोघंही न्यूयॉर्कचे, त्यामुळे रोख कुणावर होता हे वेगळं सांगायला नको. शटडाऊन चालू असतानाच हजारो कर्मचाऱ्यांना कायमचं काढायच्या नोटिसा निघाल्या. एका सरकारी खात्याच्या वेबसाइटवर तर डाव्यांनी सरकार बंद पाडलं असा फलकच लावला होता. स्पीकर माइक जॉन्सन यांनी हाऊस १९ सप्टेंबरनंतर जवळजवळ आठ आठवडे भरवलंच नाही, आमचं काम झालंय आता सिनेटनं हो म्हणावं अशी भूमिका, म्हणजे चर्चेची दारंच बंद.

आपल्या लोकांना एक फटका असाही बसला की कामगार खात्याचं परदेशी कामगारांचं ऑफिस जवळजवळ पूर्ण ऑक्टोबर बंद होतं. एच-वन-बी व्हिसाला आधी त्यांचा एक मंजूर कागद लागतो, तो मिळेना, त्यामुळे नोकरी बदलणाऱ्यांची आणि मुदत वाढवणाऱ्यांची कामं अडकली. व्हिसाच्या मुलाखती फीच्या पैशांवर चालतात म्हणून त्या चालू होत्या, हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं आणि विनाकारण घबराट झाली.

नोव्हेंबर उजाडला आणि त्रास कर्मचाऱ्यांच्या बाहेर गेला. गरिबांना धान्य-किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, ४ कोटी २० लाख लोकांची, १ तारखेला थांबली, कोर्टात भांडणं सुरू झाली. ४ तारखेच्या निवडणुकांत व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीत डेमोक्रॅट गव्हर्नर आले, व्हर्जिनियात तर फेडरल कर्मचाऱ्यांची वस्ती मोठी, आणि ट्रम्प स्वतः म्हणाले की शटडाऊनचा आपल्याला तोटा झाला. ७ तारखेपासून ४० मोठ्या एअरपोर्टवरची विमानं कमी केली. परत तेच, विमानं अडली की घड्याळ पळायला लागतं. दोन-तीन दिवसांत डेमोक्रॅटांच्या बाजूच्या फुटलेल्या सिनेटरांची संख्या तीनवरून आठ झाली आणि ६० विरुद्ध ४० नं वाट मोकळी झाली. त्या आठांमध्ये २०२६ च्या निवडणुकीला सामोरं जाणारा एकही नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण मघाशी सांगितलं ते प्रायमरीचं भय इथे उलट्या बाजूनं दिसतं, ज्याला भीती नव्हती त्यानंच दार उघडलं. १२ नोव्हेंबरला हाऊसनं २२२ विरुद्ध २०९ नं मंजूर केलं, त्याच रात्री सही झाली, ४३ दिवस, तोपर्यंतचं सगळ्यात लांब. आणि ज्या अनुदानासाठी हे सगळं झालं त्याचं काय? डिसेंबरमध्ये मतदान घेऊ एवढं आश्वासन मिळालं, मतदान झालं, ६० चा आकडा आला नाही.

म्हणजे १९९५ बघा, २०१३ बघा, २०१९ बघा, २०२५ बघा, अडवणाऱ्याला जी मागणी तो सांगत होता ती जवळजवळ कधीच मिळाली नाही. मिळालं ते दुसरंच काहीतरी, आपल्या मतदाराची शाबासकी, एखादा मुद्दा दोन महिने देशभर गाजवणं. २०२५ नंतर विम्याच्या हप्त्याबद्दल सगळा देश बोलत होता, डेमोक्रॅटांना पुढच्या निवडणुकीसाठी तेच हवं होतं. यात कुणी मूर्खपणा करत नव्हतं. ज्याला बाहेरून अपयश वाटतं ते आतून हिशोबात बसणारं असतं, फक्त तो हिशोब आपल्याला सांगितलेल्या मागणीचा नसतो.

आणि बिल? २०१८-१९ मध्ये काँग्रेसच्याच बजेट ऑफिसनं हिशोब केला होता की ३ अब्ज डॉलरचं उत्पन्न कायमचं बुडालं, २०२५ साठी त्यांचा अंदाज सहा आठवड्यांना ११ अब्जांचा होता. सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार द्यायचा असा कायदा २०१९ पासून आहे, तरी २०२५ मध्ये तोही मिळेल की नाही अशी भीती मुद्दाम घातली गेली, शेवटी मिळाला. म्हणजे घरी बसवून काम करू द्यायचं नाही आणि नंतर पगार मात्र पूर्ण द्यायचा, काटकसर म्हणावी तर तीही नाही. काँट्रॅक्टवाल्यांना मात्र असा काहीच कायदा नाही. ऑफिस झाडणारे, कँटीनमध्ये वाढणारे, काँप्युटर सांभाळणारे, त्यांचे गेले ते गेले. माझ्या मामेबहिणीच्या घरी तेच झालं, दीड महिन्याचा पगार परत आला नाही, साठवलेल्यातून घराचा हप्ता भरला आणि पोरीचा पोहण्याचा क्लास बंद केला. मामीनं इकडून पैसे पाठवू का विचारलं तेव्हा बहीण फोनवर रडली.

मामीचा शेवटचा प्रश्न होता की मग कायदाच का करत नाहीत, मंजुरी नाही आली तर आपोआप जुन्या हिशोबानं चालू राहील असा. बेल्जियममध्ये २०१०-११ साली ५४१ दिवस नवं सरकारच बनलं नव्हतं, तरी दर महिन्याला जुन्या बजेटचा बारावा भाग वापरायची सोय होती म्हणून कारभार थांबला नाही, कुणाला घरी बसावं लागलं नाही. अमेरिकेतही असं विधेयक पुन्हापुन्हा येतं, दोन्ही पक्षांकडून येतं, आणि राहून जातं. एकदा तर ते काँग्रेसमधून मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोचलं होतं. जून १९९७, नॉर्थ डकोटात रेड नदीला पूर आलेला, ग्रँड फोर्क्स शहर पाण्याखाली गेलेलं, आणि पूरग्रस्तांच्या मदतीच्या विधेयकात रिपब्लिकनांनी हे कलम घातलं, कारण दीड वर्षापूर्वी शटडाऊनमध्ये त्यांचेच हात पोळले होते. क्लिंटन त्याच शटडाऊनमध्ये जिंकले होते. हे कलम राहिलं तर शिक्षण, पर्यावरण अशा कामांचा खर्च जुन्याच आकड्यावर गोठेल असं सांगून त्यांनी ते अख्खं विधेयक परत पाठवलं. आठवड्याभरात नवं विधेयक आलं, त्यात पुराची मदत होती, ते कलम नव्हतं, आणि त्यावर लगेच सही झाली.